दावणीचा दगड

रीताच्या पत्राला मी सहा वर्षं उत्तर दिलं नाही. ते माझ्या शब्दकोशात आहे... कुठल्या पानाशी, ते झोपेतही सांगेन.

ती आली तो आमच्या जवळा बाजार गावचा आठवडी बाजाराचा दिवस होता. पावसाची सर आली म्हणून ग्रंथालयात शिरली, पदर पिळत. मी तिथला ग्रंथपाल, सत्तावन्न वर्षांचा, एकटा. ती पन्नाशीची, बहिणीकडे आठ दिवस आलेली.

"समुद्रावरचं काही आहे?"

"हे एक आहे, मॅडम. पण कुणी नेत नाही."

तिनं आतलं कार्ड पाहिलं. "नेतात की! पाच वेळा एकच नाव... तुमचं का?"

मी उगाच टेबल पुसलं.

ती समुद्राखाली गेलेली गावं शोधायची. हजारो वर्षांपूर्वी पाणी चढलं, किनाऱ्यावरची वस्ती बुडाली.

"समुद्र पाह्यला का कधी?"

"न्हाई."

"अन् तरी वाचून राहिले!"

"तुमी तरी ती गावं कुठं पाह्यली?" कसं कोण जाणे, बोलून गेलो.

ती खळखळून हसली. "मॅडम नका म्हणू. रीता म्हणा."

"बरं, मॅडम."

मग ती रोज आली. शेवटच्या दिवशी माझ्या घरी चहाला. अंगणात आईची गाय बांधायचा दगड होता, अर्धा पुरलेला, वर भोक. दाव्यानं भोकाची एकच कड झिजलेली. तिनं तिथं बोट फिरवलं. "तुमी पण पाहा ना..." बोटाला बोट लागलं. चहा निवला.

महिन्यानं पत्र आलं, सोबत समुद्रतळाशी सापडलेल्या दगडाचं चित्र. "भोक आहे. सगळे म्हणतात, होडीचा नांगर. तसं असेल तर तो वरून पडला; काहीच सिद्ध होत नाही. पण दावणीचा असेल, तर तिथं अंगण होतं. तुम्ही सांगा. आणि... तुमच्या अंगणात एका माणसाला जागा आहे का?"

मला वाटलं, दावणीचाच. पण तिथं एवढी शिकलेली माणसं. मी कोण सांगणार? दुसरा प्रश्न वाचला आणि पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

परवा अंगणात फरशीचं काम काढलं. दगड उपटला. शेजारच्या सोजराबाई म्हणाल्या, "फेका की, सर. गाय न्हाई, दावं न्हाई, काहून ठेवता?"

मी पाहतच राहिलो. जमिनीवरचा भाग गुळगुळीत, पुरलेला खरखरीत. मधे कमरेसारखी रेघ. धावत जाऊन शब्दकोशातून पत्रासोबतचं चित्र बाहेर काढलं. त्यातही तीच रेघ होती! पाण्यात लोळणाऱ्या नांगराला अशी रेघ कशी पडेल?

दगड परत पुरायला लावला. शेजारी खाटेएवढी माती मोकळी ठेवली.

"इथं फरशी काहून न्हाई?" सोजराबाई.

"कुणाला तरी विचारायचंय..."

पत्ता तोच असेल का, ती असेल का, ठाऊक नाही. तरी लिहिलं, 'प्रिय रीता, तिथं अंगण होतं. इथंही आहे.'

आज दुपारी पाकीट टपालपेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकला, तेव्हाच हात बाहेर काढला.