हेस्टनला आत कोणी बोलावलं

खोटं वाटत असेल तर येऊन माझा डावा पाय बघा. भाजल्याचा डाग अजून तसाच आहे.

मी न्यालोंगवे. आमच्या न्काटा बे गावात तळ्याकाठी एक लॉज आहे, पाठीवर पिशव्या टाकून हिंडणाऱ्या पोरापोरींचं. तिथलं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. मी भुताखेतांच्या गप्पा मारणारी बाई नाही. कोणी मारायला लागलं तर त्याला कांदे चिरायला बसवते.

पण गेल्या वर्षी, जूनमधल्या एका मंगळवारी जे झालं ते भर दुपारी झालं. लख्ख उन्हात.

शाळेत शिकवायला आलेली गोरी पोरं त्या दिवशी शाळेची भिंत रंगवायला गेली होती. मागे राहिलो आम्ही तिघी. मी, माझ्या हाताखालची लुसुंगु आणि त्या गोऱ्या पोरांतलीच नॉर्वेची मारित. मारितचा मलेरिया नुकताच उतरलेला, म्हणून ती कुडापलीकडे झोळीत पडली होती. लुसुंगुच्या पाठीवर कापडात तिची तान्ही पोर बांधलेली होती.

लुसुंगुचं सांगायला हवं. तिचा नवरा हेस्टन, मासेमार. हात उगारल्याशिवाय त्याला बोलताच यायचं नाही. पोर पोटात असताना तो कोयता घेऊन तिच्यामागे लागला. दंडावर वार केला. लोक धावले तसा होडीत बसून पळाला.

तळ्यावर वारा पिसाळला होता. होडी उलटली. दोन दिवसांनी फुगलेलं प्रेत काठाला लागलं.

पुरताना मी तिथे होते. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

पोरीचं तोंड त्यानं पाहिलं नाही. नावही त्याच्या कानावर पडलं नाही.

तर ती दुपार...

मी सुकटीतले खडे वेचत होते. लुसुंगु चुलीवर मक्याचं पीठ ढवळत होती. झाडावर सुगरणींचा कलकलाट चालला होता.

तो एकदम थांबला.

मग कुत्रा उठला आणि शेपूट घालून ओट्याखाली शिरला.

मग तळ्याचा आवाज गेला. लाट येताना दिसत होती, पण आवाज नाही...

आणि दाराबाहेर कोणीतरी म्हणालं, “ओडी...”

आमच्याकडे दार वाजवत नाहीत. बाहेर उभं राहून ‘ओडी’ म्हणायचं. आतून ‘ओडिनी’ आलं, म्हणजे ये म्हटलं, की मगच पाय आत टाकायचा. पण माणूस दिसत नसेल तर आम्ही आधी विचारतो, कोण ते.

मी दाराकडे पाहिलं. अंगण रिकामं होतं.

लुसुंगुचा हात पातेल्यावर थांबला होता. तिनं आवाज ओळखला होता. मीही ओळखला होता.

मी ओठांवर बोट ठेवलं. मान नुसती ‘नाही, नाही’ अशी हलवली. उत्तर द्यायचं नाही. कंटाळून जाईल.

“ओडी...”



आणि कुडापलीकडून मारित आनंदानं ओरडली, “ओडिनी!”

काय बोलणार तिला? तो तिनं शिकलेला पहिला शब्द. या पोरीला आमच्या रीतींचं भारी वेड. अंडीवाला आला तरी आत बसवायची आणि जाताना आंब्याच्या झाडापर्यंत पोचवायला जायची. आम्ही पोट धरून हसायचो. पण आधी माणूस बघावा, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

उंबऱ्यावर ओलं पाऊल उमटलं.

मग दुसरं...

चिखलाचा, कुजक्या माशाचा वास घरभर पसरला.

लुसुंगुची वेणी हवेत ताठ उभी राहिली आणि तिचं डोकं धाडकन ओट्यावर आपटलं. एकदा. पुन्हा. नाक फुटलं. पातेलं उलटलं आणि उकळतं पीठ माझ्या पायावर सांडलं. मी मुसळ उचललं आणि दिसेल तिथे घातलं. दिसत तर काहीच नव्हतं. पण एक घाव कसल्याशा मऊ वस्तूत रुतला आणि मुसळ बाहेर आलं ते पाण्यानं निथळत.

भिंतीला लाकडं फोडायचा कोयता टांगलेला असायचा.

तो खिळ्यावरून निघाला...

पहिला वार लुसुंगुच्या खांद्यावर बसला. रक्त माझ्या तोंडावर उडालं. ती पालथी पडली. पाठीवरचं कापड सुटायला लागलं, गाठ आपोआप उकलत होती. पोर किंचाळत होती. लुसुंगु मागे हात नेऊन तिला घट्ट धरून होती, त्या बोटांवर कोयता उतरला. दोन बोटं गेली.

तिनं पोर सोडली नाही.

दारात मारित उभी होती, भिंतीसारखी पांढरी.

आमच्यात पाहुण्याला ज्यानं आत घेतलं, त्यानंच त्याला वाटेला लावायचं. पोचवल्याशिवाय पाहुणा हलत नाही. मी तिला गदागदा हलवलं. “तू आत घेतलंस ना त्याला? तूच पोचव आता. म्हण, चला.”

ती रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, “चला... मी येते पोचवायला.”

कोयता खाली पडला.

मारितचा उजवा हात कोणीतरी धरल्यासारखा पुढे ओढला गेला. ती अंगणातून गेली, तिच्या शेजारी ओली पावलं उमटत गेली, थेट आंब्याच्या झाडापर्यंत.

तिथे पावलं संपली आणि तळ्याचा आवाज परत आला.

लुसुंगु वाचली. खांद्याला टाके पडले. इस्पितळात सांगितलं, चोर शिरला होता. दुसरं काय सांगणार?

मारित त्याच आठवड्यात तिच्या देशाला गेली. मनगटावर बोटांचे निळे वळ घेऊन. जाण्याआधी मी तिला विचारलं, वाटेत तो काही बोलला का?

“एकच विचारलं,” ती म्हणाली. “पोरीचं नाव काय ठेवलंय.”

“आणि तू?”

ती रडायलाच लागली. मी समजले.

तेव्हापासून लॉजवर दाराला घंटा आहे. ‘ओडी’ म्हणेल त्याला माझ्या शिव्या बसतात. लुसुंगुची तोवेरा आता बोलायला लागलीय. भात म्हणते, कुत्रा म्हणते, मला आजी म्हणते. ‘ओडिनी’ हा एक शब्द आम्ही तिच्या कानावर पडू दिलेला नाही.

काल दुपारी ती मागच्या दारात चमच्याशी खेळत बसली होती. मी सुकट निवडत होते. सुगरणी गप्प झाल्या...

बाहेरून कोणीतरी अगदी लाडानं म्हणालं, “ओडी, तोवेरा...”

मी उठेपर्यंत उशीर झाला होता. ती हसली आणि म्हणाली, “ओडिनी.”

उंबऱ्यावर ओलं पाऊल उमटलं.

कोयता मी केव्हाच तळ्यात फेकलाय. घरात काही पडलं नाही, फुटलं नाही. तो कोणाला हात लावत नाही. रात्रभर आम्ही दिवा लावून बसलो, पोर मांडीवर घेऊन. वास जात नाही. तो इथेच कुठेतरी बसलाय, पाहुण्यासारखा.

जिनं आत घेतलं, ती पोचवायला येईल याची वाट बघत.

आणि आत्ता, हे सांगतेय तेवढ्यात, तोवेरा झोपेतून उठलीय. आंब्याच्या झाडाकडे बोट दाखवतेय आणि मला म्हणतेय, आजी, मला चप्पल घाल.