पाच नंबर खाली

लाइट गेली की म्हाताऱ्याला धरून बसवायचं, ही या घराची रीतच झालीय. गुडघे दुखतात माझे. बरं. अवंतिका, तो मोबाइल बंद कर. विहंग, मध्येच हिंदीत बडबडलास तर उठून जाईन. एकदाच सांगतो.

माधवगंजातल्या विजयाबाईंचा हेमेंद्र पाहिलाय ना? डावा हात लटकतो तो. त्याची गोष्ट. खरी.

गावाबाहेरचं जुनं वेड्यांचं इस्पितळ पाडून नवं बांधायचं ठरलं. पुढं इस्पितळ, मागं बाग, मधे नर्सांची घरं. हेमेंद्र त्या नकाशेवाल्यांकडे नोकरीला. पाडायच्या एकेका वॉर्डात फिरायचं, आत कोणी नाही ना ते बघायचं, आणि दारावर खडूनं 'खाली' लिहायचं, हिंदीतलं, म्हणजे रिकामं. लिहिलं की सकाळी बुलडोझर. असल्या ओसाड जागेत भिकारी झोपतात. एखादा राहिला तर चिरडायचा, आणि सही हेमेंद्रची.

मी तिथं बत्तीस वर्षं वॉर्डबॉय, म्हणून वाट दाखवायला मला नेलं. त्यांच्या साहेबाला, पुष्करला, मी आधीच म्हटलं, "पाच नंबरवर खाली लिहू नका. रिकामं लिहा."

"काका, ये ग्वालियर है, पुणे नहीं," म्हणून हसला गाढव.

भोगीचा दिवस, तेरा जानेवारी. संध्याकाळचे पावणेसात. धुक्यात स्वतःचा हात दिसेना. मी फाटकाशी शेकत बसलो, हेमेंद्र एकटाच पाच नंबरला गेला. पुढचं त्यानंच सांगितलं मला.

दार ढकललं. टॉर्च फिरवला. फाटक्या गाद्या, उंदीर. त्यानं हाक मारली, "कोई है?"

आतून बाईचा आवाज आला, "खाली."

झाडूवाली असेल, त्याला वाटलं. "ठीक है, अम्मा." दार ओढलं, खडूनं लिहिलं, निघाला.

दहा पावलांवर थांबला. झाडूवाल्यांना तर महिन्यापूर्वीच काढलेलं. आणि तो आवाज... त्याची आई जिन्याशी उभी राहून बोलते तसला. मराठी. मराठीत खाली म्हणजे रिकामं नव्हे.

पळून आला असता तर चाललं असतं. पण सकाळी बुलडोझर. परत गेला. पोरगं चांगलं आहे, तेच नडलं.

कोपऱ्यात जिना. अकरा पायऱ्या. खाली तळघर, लोखंडी गज. मारकुट्या बायकांना तिथं कोंडायचे.

"ताई, कुठं आहात?" त्यानं गजांतून हात घातला.

हात धरला कोणीतरी.

ओढला. खांदा निखळला, कडकन. तोंड गजावर. दोन दात गेले.

"काय लिहिलंस?"

"ख... खाली."

धाड.

"मी कुठं?"

"खाली..."

धाड. नाक फुटलं.

"पुन्हा वाच."

धाड.

ओरडणं ऐकून मी धावलो. पायऱ्यांवर रक्तात पडलेला. हात उलटा वळलेला. गजांपलीकडे... कोणी नाही. कुलूप गंजलेलं. माझ्याच हातचं.

काय बघता?

अनसूया नाव तिचं. आपल्यातलीच, मराठी; वॉर्डात तेव्हा ती एकटीच. पाळी संपवून जाताना रात्रीच्या माणसाला मी म्हटलं होतं, 'पाच नंबर, अनसूया खाली.' तो भिंडचा, हिंदीवाला. रिकामं समजला, वॉर्डाचं दार बाहेरून बंद करून गेला. मी लग्नाला गावी. चौथ्या दिवशी आलो, तेव्हा...

जाऊ दे.

पुष्करनं पोलिसांना सांगितलं, बुढ्ढ्यानंच मारलं. दोन रात्री ठाण्यात बसवलं मला, या वयात. हेमेंद्र शुद्धीवर येऊन बोलला, तेव्हा सोडलं. पाच नंबर अजून उभा आहे. बुलडोझरवाला एकही तयार होईना.

सुटल्यावर मी पुष्करला दारापाशी नेलं. हेमेंद्रनं खडूनं लिहिलेलं 'खाली'. त्याच्यापुढं, लाकडात, नखानं खोल कोरलेलं, 'आहे'. आतलं लाकूड पिवळंधमक, ताजं.

म्हणाला, तूच कोरलंस.

ही बघा माझी नखं. बघ विहंग, नीट बघ. यांनी सागवान कोरतं कोणी?

माफी मागितली नाही अजून. पुष्करनं.