सुट्या भागांचा हिवाळा

गोंडपिपरीच्या बसमध्ये दिव्यानीच्या शेजारी जो तरुण येऊन बसला, त्याच्या मांडीवर मोटारसायकलची पेट्रोलची टाकी होती. जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून ती त्याने इतक्या मायेने धरली होती, की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून विचारलं, "किती महिन्याचं हाये जी?"

"पस्तीस वर्षांची हाये," तो म्हणाला.

दिव्यानीने घाईने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांवर धुक्याची धुई उतरली होती.

"हसून काऊन राह्यल्या?"

"मी कुठी हसली?"

"खांदे हलून राह्यले तुमचे."

आता तर तिला ओढणीच तोंडाशी धरावी लागली. तो मात्र गंभीर होता. "अंकुश पेंटरचं दुकान कुठी हाये, माहीत हाये काय?"

"बसस्टँडच्या मागं. पण त्यायले मोतिबिंदू झाला. रंग आता त्यायची पोरगी देते."

"मंग... राहू दे बाप्पा. पोरीच्या हातची गाडी—"

दिव्यानी गोंडपिपरीला उतरली, चालत गेली, दुकानाचं शटर वर केलं आणि मागे वळली. टाकी पोटाशी धरून तो पाटीखाली उभा होता, आणि कान लालबुंद झाले होते.

"या," ती म्हणाली. "ते पोरगी मीच."

त्याचं नाव प्रवीण. गावच्या तलावावर मासेमारी करायचा. त्याचे वडील, मुखरूभाऊ, याच राजदूतवर टोपल्या बांधून आठवडी बाजार करत. मग गुडघे दुखायला लागले, ते घरात बसले, आणि दहा वर्षं गाडीवर कोंबड्या बसल्या. बाबा हल्ली कुणाशी धड बोलतही नव्हते. हिवाळा संपायच्या आत त्यांना त्यांच्या गाडीवर बसवायचं, असं प्रवीणने ठरवलं होतं.

"रंग कोणता होता?" दिव्यानीने विचारलं.

"बाबा म्हणते लाल. आई म्हणते निळा. दोन दिवस झाले, बोलून नाई राह्यले दोघं."

तिने सँडपेपर चालवला. वरचा काळा गेला, निळा आला. आणखी घासलं, तर खाली लाल. "दोघंही खरे," ती म्हणाली, आणि प्रवीण तिच्याकडे असा बघत राहिला, की सँडपेपर तिच्या बोटावरच घासला गेला.

पुढच्या आठवड्यात तो मडगार्ड घेऊन आला. मग नुसतं साखळीचं कव्हर. मग हेडलाइटची कडी. दर खेपेला एकच वस्तू, आणि तीही सकाळी सातला.

"धुईत रंग मारला तं पांढरा पडते, सांगतलं ना? उन्ह तापल्यावर येत जा."

"बसतो ना मंग उन्ह येईपर्यंत."

तो बसे. अंकुशभाऊ आतून खाकरत. चहा होई. तलावातल्या मासळीच्या, मुखरूभाऊंच्या हट्टाच्या गोष्टी होत. ती ब्रश धुवे, तो डबे लावी, आणि दोघांची बोटं थिनरच्या डब्याशी चुकून... मग दोघंही डब्याकडेच बघत.

जानेवारीत तो तेच साखळीचं कव्हर तिसऱ्यांदा घेऊन आला.

"याले काय झालं आता?"

"ओरखडा पडला."

दिव्यानीने ओरखडा उजेडात धरला. सरळ, खोल, खिळ्याने ओढावा तसा. "आपोआप पडला?"

"कोंबडी..."

"कोंबडी खिळा घेऊन फिरते काय तुमच्याकडं?"

तो हसला. ती हसली नाही. तिला ते आज सांगायचंच होतं. "रविवारी वरोऱ्याचे पाहुणे येऊन राह्यले. मले पाहाले."

प्रवीणचा चेहरा उतरला. त्याने तिच्या हातातलं कव्हर घेतलं. मग म्हणाला, "बरं."

बरं! तीन महिने ज्याच्या गाडीचा एकेक नट रंगवला, तो माणूस 'बरं' म्हणून कव्हर काखेत मारून निघून गेला. त्या दिवशी दिव्यानीने एका किराणा दुकानाच्या पाटीवर 'तांदूळ'च्या जागी 'प्रवीण' लिहिलं आणि पुसता पुसता रडली.

रविवारी पाहुणे अंगणात खुर्च्यांवर बसले. मुलगा भला दिसत होता. दिव्यानी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तेवढ्यात रस्त्यावरून फटफट ऐकू आली आणि लाल-निळी राजदूत थेट अंगणात घुसली. पुढे प्रवीण, मागे मुखरूभाऊ. गाडी कडुलिंबाला वळसा घालून गेली. पण थांबली नाही.

"दिव्यानी!" प्रवीण ओरडला. "मले तुले एक सांगाचं—" आणि पुढे गेला.

दुसऱ्या फेरीला: "तीन दिवसात जोडली गाडी! ब्रेक राह्यला लावाचा! एक्सलरेटर अडकला!"

"हे सांगाले आला काय?"

तिसऱ्या फेरीला: "नाई! तो ओरखडा मीच—"

पाहुण्यांनी पाय खुर्चीवर घेतले. मुखरूभाऊ मुलाच्या कमरेला घट्ट मिठी मारून, वर्षभराचं एकदम बोलावं तसे ओरडले, "पोरी, हो म्हण वं! नाई तं आम्ही असेच फिरत राहू!"

दिव्यानीने ट्रे वडिलांच्या हातात दिला, पदर खोचला, गाडीबरोबर धावली आणि हात घालून चावी फिरवली.

अंगण एकदम गप्प झालं. इतका वेळ फटफटीच्या आवाजात ओरडणारा प्रवीण आता सगळ्यांसमोर घामाघूम उभा होता.

"बोल ना," ती धापा टाकत म्हणाली. "गाडी बंद झाली तं तोंडही बंद झालं काय?"

"मले..." त्याने हात पँटला पुसले. "मले तू पाहिजे. गाडी झाली रंगवून. आता येयाले कारण नाई उरलं. बिनकारणाचं येऊ काय? रोज?"

दिव्यानीने वडिलांकडे पाहिलं. अंकुशभाऊ ट्रे धरून, डोळे बारीक करून बघत होते. "मले नीट दिसत नाई," ते म्हणाले, "पण ऐकू तं चांगलं येते. पोरगं बरं हाये."

वरोऱ्याचा मुलगा उठला. दिव्यानीला वाटलं, आता हा चिडणार. पण तो गाडीभोवती एक फेरी मारून तिच्यासमोर थांबला. "रंग तुम्ही दिला? मस्त हाये." मग प्रवीणकडे वळला. "आणा पाना. ब्रेक लावून देतो. नाई तं हे बाई विधवा होईन."

मुखरूभाऊ खदखदून हसले, पोह्यांची बशी घेऊन कडुलिंबाखाली बसले. प्रवीण आणि तो पाहुणा गाडीखाली वाकले.

"प्रवीण," दिव्यानी म्हणाली.

त्याने मान वर केली.

"उद्या ये. पण नऊनंतर. मले झोप प्यारी हाये."