बोलण्याआधी आलेला आवाज

गच्चीवरचं ऊन कललं की आमचा हौशी रेडिओचा खेळ सुरू होई. उपग्रह क्षितिजावर आला की बायको माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना हातात धरून त्याच्या वाटेनं हळूहळू फिरवायची आणि मी माइकवर बोलायचो. उपग्रह ऐकलेलं लगेच परत पाठवतो. हेडफोनमध्ये आपलाच आवाज आला की समजायचं, पोचलो. माझी हयात ग्रंथालयात लोकांना गप्प बसवण्यात गेली, चारचौघांत तोंड उघडत नाही. इथे मात्र दूरगावच्या एका घड्याळजींशी बोलायचो. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही.

"अहो, हात भरून आला," बायको म्हणाली. "त्या घड्याळजींना एकदाचे जेवायलाच बोलवा. माझी कवायत तरी संपेल."

मी हसून माइकचं बटण दाबलं. तोंड उघडायच्या आत हेडफोनमध्ये माझा आवाज आला.

"अगं, ऊठ ना. डोळे उघड."

माझ्या कानांवर माझा तसाही फारसा भरवसा नाही. मी गप्प राहिलो. आवाज गप्प राहिला नाही. तो रडत होता, आणि मी रडतो कसा ते मला माहीत आहे.

"ग्रंथपालसाहेब, काय झालं?" घड्याळजी मध्येच बोलले. "वहिनी ठीक आहेत ना?"

म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

बायको कठड्याला टेकून अँटेना वळवत होती. कठडा जेमतेम तिच्या कमरेइतका. मी हेडफोन फेकले आणि तिचं मनगट धरलं.

"इश्श! या वयात?"

"खाली चल."

"अजून मावळला नाहीये तुमचा उपग्रह."

"चल म्हणतो ना!"

तिच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. ती मुकाट्यानं उतरली. पलंगावर बसवून तिला पाणी दिलं.

"उगाच घाबरवलंत. धडधडतंय बघा," म्हणत ती आडवी झाली. मी पंखा लावला. कठड्यापासून ती लांब होती. माझा जीव भांड्यात पडला.

रेडिओ बंद करायला वर गेलो. उपग्रह एव्हाना मावळला होता. अँटेना फरशीवर पडला होता. तरीही हेडफोनमधून काहीतरी पुटपुटणं येत होतं.

एक कान लावला.

माझाच आवाज, आता थकलेला, घड्याळजींना सांगत होता, "नाही हो, गच्चीवर ठणठणीत होती. मीच तिला खाली नेऊन निजवलं."

खालून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"अगं" म्हणून हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.