बॉक्स्टीचं पाणी

आई जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्सेत डर्वलानं बायबलमधला उतारा एकदाही न अडखळता वाचला, आणि तेवढ्यानं तिला वाटायला लागलं की आता आपल्याला काहीही जमेल. बॉक्स्टीसुद्धा.

"आज बॉक्स्टी मी करणार," गाडीतून उतरता उतरता तिनं जाहीर करून टाकलं.

"तू?" डिम्ना आत्या म्हणाली. "परवा तू अंडं उकडलंस, ते पातेल्यासकट फेकावं लागलं."

"ते पातेलं जुनंच होतं, आत्या."

बाबा सरळ आत जाऊन चहाचा कप घेऊन टेबलाशी बसले. महिनाभर ते चहावरच होते. आत्यानं ताट वाढलं की काट्यानं इकडचं तिकडे करायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि ताट सरकवून द्यायचे. पट्ट्याला त्यांनी दोन नवी भोकं पाडली होती. डॉक्टरांनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच चाललं तर हा माणूस नाताळ बघायचा नाही. डर्वलानं ते दाराआडून ऐकलं होतं.

आयर्लंडच्या या लेट्रिम भागात बटाट्याची ही जाड धिरडी घरोघरी होतात, पण बाबांना फक्त आईच्या हातची चालायची. आईनं कृती कुठे लिहून ठेवली नव्हती. तिला तिच्या सासूनं शेजारी उभं करून शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. डर्वलाची पाळी यायच्या आत आईच गेली. पण सोळा वर्षं बघितलंय की! किसायचं, पिळायचं, भाजायचं. त्यात काय एवढं?

पणजोबांनी पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून केलेली किसणी तिनं खुंटीवरून काढली. कच्चे बटाटे किसता किसता बोटाचं साल निघालं. किस फडक्यात बांधून तिनं असा काही पिळला की मनगटं दुखायला लागली. परात लालसर, फेसाळ पाण्यानं भरली. ओट्यावर जागाच उरली नाही, म्हणून तिनं मागचं दार पायानं ढकललं आणि पाणी अंगणात भिरकावून दिलं.

"अगं, साका!" आत्या ओरडली. "तळाशी पांढरा साका बसू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं आणि साका पिठात घालायचा. त्याच्याशिवाय बॉक्स्टी धरणार कशी?"

डर्वला रिकाम्या परातीकडे बघत राहिली.

"आणि आवाज दिलास का?" आत्यानं एकदम हळू विचारलं.

"कसला?"

"पाणी टाकताना."

आई द्यायची. परात उचलली की आधी रिकाम्या अंगणात ओरडायची, "बाजूला व्हा, पाणी येतंय!" न दिसणारे कुणी वाटेवर असतात, त्यांना भिजलेलं आवडत नाही, म्हणून. डर्वला तिची नक्कल करायची. आईही हसायची, पण पुढच्या वेळी पुन्हा ओरडायचीच.

"अंगणात कुणी नव्हतं, आत्या. मी बघितलं ना!"

आत्यानं छातीवर क्रूस काढला. डर्वलानं दार लावलं आणि कडी घातली.

मग तिनं उकडलेला बटाटा कुस्करून किसात घातला. मैदा, मीठ, ताक. पहिली बॉक्स्टी तव्यावर पसरली आणि उलटायला गेल्यावर तिचा चुरा झाला. दुसरीचाही. करपल्याचा वास घरभर झाला. सकाळचा तो सगळा तोरा डोळ्यांतून गळायच्या बेतात आला होता.

"थांबा हं, बाबा. पुढची होईल."

बाबांनी कपाकडे बघत मान हलवली.

पायांना गार वाटलं म्हणून तिनं वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं. वारा नव्हता, दुपारी चारच्या त्या राखाडी उजेडात अंगणातलं गवतसुद्धा हलत नव्हतं.

उंबरठ्याच्या आत फरशीवर एक ओला डाग होता. आपणच पाणी सांडलं असेल, असं तिला वाटलं. पण डागाला पाच बोटं होती. अनवाणी पाऊल. तिच्या डोळ्यांदेखत ते कडेनं वाळत गेलं आणि पांढरं झालं. खडूसारखं, साक्यासारखं पांढरं.

त्याच्या पुढे दुसरं उमटलं.

मग तिसरं.

आत्याच्या हातातली बशी फुटली. बाबांनी मान वर केली नाही.

पावलं टेबलाला वळसा घालून, कसलीही घाई न करता, शेगडीजवळच्या आईच्या खुर्चीपर्यंत गेली आणि थांबली.

आई! डर्वला हाक मारणारच होती. पण आई अख्ख्या गावात सगळ्यांत उंच. तिचे काळे बूट आज डर्वलानं पुढे कापूस कोंबून घातले होते. आणि ही पावलं जेमतेम वीतभर होती, हाडकुळी, बोटं फाकलेली.

हात मात्र थांबले नव्हते. तिसरी बॉक्स्टी तव्यावर पडली होती. ती धरली. कडा सोनेरी झाल्या. तिनं उलटली तर आख्खी उलटली. आणि वास आला. तोच, आईचा, रविवारचा.

तिनं काहीच वेगळं केलं नव्हतं.

बाबांनी मान वर केली. ताटात पडल्या पडल्या लोणी घालून त्यांनी घास घेतला. चावायचे थांबले. मग भराभर खायला लागले, काटा टाकून हातानं.

"ब्रीज," ते म्हणाले. आईचं नाव महिन्याभरात त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. "अगदी तीच चव. वाढ गं, पोरी, अजून वाढ!"

तिनं वाढली. ते खात होते आणि रडत होते, हनुवटीवरून लोणी ओघळत होतं. मधेच त्यांनी बरं ऐकू येणारा कान खुर्चीकडे कलता केला. हसले. मान डोलावली. आईशी बोलताना डोलवायचे तशीच.

बाबा, ती आई नाही. पावलं बघा.

डर्वलाच्या ओठांवर शब्द तयार होते. पण बाबा आता तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

आत्या भिंतीला धरून सरकत सरकत दाराशी गेली. तिचा हात कडीवर पोचला.

"असू दे उघडं, डिम्ना," बाबा भरल्या तोंडानं, मजेत म्हणाले. "ही म्हणतेय, बाकीचे अजून अंगणातच उभे आहेत. फार वर्षांचे उपाशी आहेत बिचारे."