राखून ठेवलेलं नाव

"कुणाला शोधताय?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी एका थडग्यापुढे उकिडवी बसून दगडावरचं शेवाळ नखाने खरवडत होते.

"नाव शोधतेय," मी म्हटलं. "माझ्या बहिणीला मुलगा होणार आहे."

त्याने गवत कापायचं यंत्र बंद केलं. "आणि गावात जिवंत माणसं कमी पडली?"

माझी बहीण लॉरेन आणि तिचा नवरा ग्रँट दोघंही पक्के इंग्रजी बोलणारे. पण ग्रँटची आजी याच किनाऱ्यावरची अकेडियन, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच वस्तीतली होती, म्हणून बाळाला फ्रेंच नाव हवं होतं. तेही सहसा न ऐकलेलं, वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं. इंटरनेटवरच्या याद्या म्हणे सगळ्यांच्याच वाचून झालेल्या असतात. तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी मंक्टन शहरातून गाडी काढून थेट इथल्या गावाचं कबरस्तान गाठलं.

त्याचं नाव रेआल कोर्मिए. भुरभुर पाऊस पडत होता आणि त्याच्या पापण्यांवर बारीक थेंब जमले होते... माझं लक्ष तिकडेच. त्याने माझी नावं टिपायची वही घेतली आणि शेवटच्या नावावर बोट ठेवलं. मी ते मोठ्या ऐटीत वाचलं, "थिओटाइम." त्याने दात दुखल्यासारखे डोळे मिटून घेतले.

"तेओतीम," तो म्हणाला. "आता तू म्हण."

"तेओतीम."

"अजून एकदा."

"आलं की आता."

"आलंय. तरी म्हण."

माझे कान तापले. मी म्हटलं... आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले. वहीत अजून जागा होती, हे निमित्त. त्याच्या पुढच्या रविवारी तेवढंही निमित्त शोधलं नाही. आम्ही धक्क्यावर भटकलो. तो ऑगस्टच्या हंगामासाठी शेवंडांचे सापळे दुरुस्त करायचा आणि मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यातल्या गमती सांगायचे. इकडे लॉरेनने नाव ठरवूनही टाकलं. ग्रँटच्या आईने दुपट्यावर "तेओतीम" विणायला घेतलं. हे नाव कुणाचं आहे, असं लॉरेनने विचारलं होतं. मी उचलली जीभ लावली टाळ्याला: थडग्यावरचं आहे गं, आता कुणाचंच नाही.

तिसऱ्या रविवारी रेआल मला घरी जेवायला घेऊन गेला. त्याचे वडील कोंबडी-बटाट्याचा रस्सा ढवळत होते. मला बघताच त्यांनी विचारलं, "तू कुणाची गं, पोरी?"

मी गोंधळले. रेआलने समजावलं की अर्धं गाव कोर्मिए, त्यामुळे आडनावाचा काही उपयोग नसतो. इथे माणूस ओळखायचा तो बापाच्या नि आजोबाच्या नावावरून. तो स्वतः रेआल, तेओतीमचा.

"तेओतीम कोण?" माझा आवाज जरा चिरकलाच.

"मी," म्हातारबाबांनी वाढता वाढता सांगितलं. "कबरस्तानातला तो माझा आजा. आमच्यात थोरल्याला आजोबाचं नाव देतात. माझं नाव नातवाला कधी देतोय, असं झालंय मला. पण हा एकतीस वर्षांचा घोडा शेवंडांशीच संसार करतोय."

गाडीपर्यंत रेआल सोडायला आला, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

"ठेवू देत त्यांना," तो म्हणाला. "बाबांना मी सांगेन."

"पण पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू ते नाव म्हणत होतीस ना... मला वाटलं, आमच्या घरातच कुणीतरी हाक मारतंय."

मंक्टनपर्यंत रस्ता नीट दिसला नाही. धुकं होतं, हे खरं. पण रडतही होते. लॉरेन सुजलेले पाय स्टुलावर टाकून बसली होती. मी नाव परत मागितलं तशी ती भडकली. दुपटं विणून झालं होतं, दहा दिवसांवर बाळंतपण आलं होतं, आणि ज्याला ना बायको ना पोर, त्याने हे नाव राखून ठेवायचं तरी कुणासाठी?

"माझ्या मुलासाठी," मी म्हणाले. म्हटल्यावर आपण काय बोललो ते मलाच ऐकू आलं.

लॉरेन माझ्याकडे बघत राहिली. "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग इथे काय करतेयस?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटी घेऊन धक्क्यावर गेले. रेआल सापळ्याचं जाळं विणत होता, म्हातारबाबा खाली होडीत काहीतरी ठोकत होते. नाव परत आणलंय, असं मी सांगितलं. रेआलच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, तो म्हणाला. त्याचा एक चुलत आजोबा होता, झोएल. बिनलग्नाचा गेला, त्यामुळे त्याच्या नावाची कुणीच वाट बघत नव्हतं. बहिणीला ते माझ्याकडून दे, म्हणाला.

"झोएल," मी म्हणून पाहिलं. पहिल्याच खेपेला जमलं.

"आणि तेओतीम?"

"राखून ठेव."

"किती दिवस?"

"ते... आपण ठरवू."

त्याने सुई खाली ठेवली. "ब्रेना, मला आडून बोललेलं कळत नाही."

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "तुझा मुलगा किनाऱ्यावर खेळत बसेल, जेवायला येणार नाही, तेव्हा दारात उभं राहून त्याला हाक मला मारायचीय."

त्याने माझा हात धरला. त्याचा हात खारट, खरबरीत होता. मग त्याने होडीकडे तोंड करून वडलांना वर बोलावलं, ब्रेनाला काहीतरी मागायचंय म्हणून.

"मी? मी तर सांगून बसले."

"मला सांगितलंस. नाव त्यांचं आहे, त्यांच्याकडेच मागायला हवं."

म्हातारबाबा धापा टाकत शिडी चढून वर आले. जीभ टाळ्याला चिकटली होती, तरी मी मागितलं. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं, टोपी काढली, डोळे पुसले.

"घे की, पोरी," ते म्हणाले. "मी काय बरोबर घेऊन जाणार होतो?"