रोज एक बाटली

"हे तर पाणी आहे!"

दाराशी स्टुलावर ठेवलेली सॅनिटायझरची बाटली ताईने पुन्हा नाकाशी धरली, तळहातावर ओतून पाहिली... ना तो उग्र वास, ना तो गारवा! पाणी... नुसतं नळाचं पाणी!

बाबांना साथीत जाऊन नऊ दिवस झाले होते. साथीच्या दिवसांतही ते दारातूनच लोकांची घड्याळं दुरुस्तीला घ्यायचे, आणि दर वेळी याच बाटलीने हात चोळताना वीसपर्यंत आकडे म्हणायचे, कारण ताईने, त्यांच्या शिक्षिका असलेल्या लेकीने, त्यांना तसं शिकवलं होतं. "काय बाई, पास का?" म्हणून हसायचे, आणि मग त्याच हातांनी भिंग डोळ्याला लावून कामाला बसायचे...

मागच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ भिंतीला टेकून बसला होता. तो कामाला जायचा तो छापखाना बंद, दारूची दुकानं बंद! महिनाभर त्याचे हात थरथरत होते, आणि तरीही मधूनच तो कसा शांत व्हायचा, हे कोडं तिला त्या क्षणी सुटलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ताई... राहवलं नाही गं. बाटलीतलं थोडं प्यायचो, आणि तुला कळू नये म्हणून तेवढंच पाणी भरायचो. मला काय माहीत, बाबा..." तो हुंदके देऊ लागला.

आई गेली तेव्हा हा दोन वर्षांचा होता. याच्यासाठी तिने चालून आलेलं स्थळ परत पाठवलं होतं, स्वतःचा संसार मनातल्या मनात मिटवून टाकला होता! आज तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मनाशी मात्र म्हणाली, तुला पाहिजे ना? देते!

दारूची दुकानं उघडली त्या दिवशी खडूने आखलेल्या वर्तुळात, तोंडाला मास्क लावून, ती रांगेत उभी राहिली.

"अहो बाई, शाळा आता इथे भरते वाटतं?" मागून कुणीतरी टोमणा मारला आणि सगळी रांग हसली.

"भावासाठी लाज गुंडाळून ठेवली हो पोरीने!" शेजारच्या काकू हळहळल्या. "केवढी ही माया!"

मास्कआड ताई हसली. माया! रोज संध्याकाळी ती त्याच्या उशाशी एक बाटली ठेवी. पी... पोटभर पी! माझ्या बाबांना शेवटी एकेका श्वासासाठी तडफडावं लागलं, तुला एक घोटही कमी पडू देणार नाही मी!

तीन महिन्यांत त्याचं जेवण सुटलं, पाय सुजले, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. आणि ते बघून तिच्या काळजात एक थंड, कडवट समाधान पसरत गेलं...

एका दुपारी तो क्षीण आवाजात म्हणाला, "ताई, आज तूच उघडून दे. माझ्याने झाकण निघत नाही."

तिने झाकणाला हात घातला... आणि का कोण जाणे, हात तिथेच थांबला.

"तुला कळत कसं नाही रे, मी हे का आणते ते?" ती एकदम किंचाळली.

"कळतं की! पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या तोंडाला दारूचा वास आला तरी दोन दिवस अबोला धरणारी तू... तू रांगेत उभी राहतेस म्हणजे काय, ते न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग का प्यायलास, मेल्या?"

"आधी तल्लफ होती. खोटं कशाला बोलू? मग वाटलं, बाबांना मारलंय आपण, शिक्षा व्हायलाच हवी. तुझ्या हातून होतेय... होऊ दे."

ताईने बाटली खाली ठेवली. याने केलं ते व्यसनापायी, नकळत... आणि आपण? आपण तर रोज, समजून उमजून, शुद्धीवर राहून!

तासाभरात ती त्याला घेऊन इस्पितळाच्या दारात होती. साथीमुळे नियम कडक होता, पेशंटसोबत एकच माणूस, आणि पेशंटला घरी सोडेपर्यंत त्या माणसालाही बाहेर पडता येणार नाही.

"विचार करून सही करा," नर्स म्हणाली. "दारू सुटताना माणूस शिव्या देतो, अंगावर धावून येतो. शिवाय आत साथीचं भय आहेच."

"ताई, जा तू घरी," चाकाच्या खुर्चीतून तो कळवळला. "तुला काही झालं तर..."

"गप्प बस!" त्याच्या नाकावरून घसरलेला मास्क तिने खसकन वर ओढला. "माफ नाही केलं मी तुला. करेन असंही नाही! पण मरून सुटायचं नाहीस तू. जगायचं... शुद्धीवर, म्हातारा होईपर्यंत, सगळं आठवत! हीच तुझी शिक्षा."

"आणि तू?"

"माझीही तीच," ती म्हणाली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "मी शेजारीच बसणार आहे."

तिने सही केली, नर्सचा पुढे झालेला हात बाजूला सारला, आणि ती खुर्ची स्वतः ढकलत आत नेली.